सुनेला मी आस्तिक केलं तेव्हा

मी एकदा माझ्या सुनेला, तिला न विचारता, आस्तिक करून टाकलं. तेही चोरून नाही. श्रावणातल्या कुळधर्माच्या पंगतीत, तेरा माणसांच्या देखत, डाव्या हातात तुपाची वाटी धरून. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डोकंही असावं.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी. आज बहात्तरीला पोचल्यावर त्या पोरीची आठवण झाली की तिचा कान पिळावासा वाटतो. किती खात्री होती तिला सगळ्याची! आस्तिक म्हणजे काय, नास्तिक म्हणजे काय, कुणाच्या मनात काय आहे, सगळं तिला बसल्या जागी कळत असे.

सून पुण्याची. लग्न ठरायच्या वेळी चिकपेट बाजारातल्या आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून, समोरचा चिवडा खात खात तिनं सांगितलं होतं, "मी देव मानत नाही. नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं." मी इथल्या कानडी सवयीनं म्हटलं, "सरी, सरी, बरं. ह्या वयात असंच असतं." म्हणजे तिचं बोलणं मी अंगातल्या तापासारखं घेतलं. आलाय, जाईल. यजमान तेव्हा होते. ते म्हणाले, "मुलगी खरं बोलते, आणखी काय पाहिजे?" आणि चिवड्याची बशी तिच्याकडे सरकवली.

तिच्याहून लहान होते तेव्हा मी काय होते ते सांगू? भयंकर आस्तिक. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास झाले, तेव्हा घरातल्या गणपतीला तांदळाच्या डब्यात डोक्यावर उभा पुरला होता. तीन दिवस. चौथ्या दिवशी आईनं भातासाठी डब्यात माप घातलं आणि मापाबरोबर गजानन वर आले. मला मार बसला. पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट अभिमानानं सांगत असे : बघा, एवढा विश्वास होता म्हणून तर एवढा राग आला! अभ्यास केला नव्हता, हे मात्र सांगत नसे.

आता आमच्या देवांबद्दल. आमच्या घरात मूर्तींपेक्षा टाकांना मान. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, अंगठ्याएवढे. आमच्याकडे पाच आहेत. कुणा पूर्वजानं घोड्यावरून आणले म्हणतात. घोडा होता का, हे कुणाला विचारू नये. रीत अशी, की टाक थोरल्या मुलाच्या घरी राहायचे, त्या घरच्या बाईनं त्यांना रोज अंघोळ घालायची, आणि त्या घरात करणारं कुणी उरलं नाही तर ते धाकट्याच्या घरी जायचे. माझे यजमान थोरले. लग्न होऊन आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. तेव्हापासून हे पाच जण रोज सकाळी माझ्या तळहातावरून गेले. माझी सगळी सकाळ त्यांच्याभोवती गुंडाळलेली. आधी ते, मग कॉफी.

आणि त्या वर्षी आषाढात मी पडले. फुलवालीनं फुलांवर मारलेलं पाणी फरशीवर सांडलं होतं, मी पाहिलं नाही. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हात भिजवायचा नाही.

मुलगा स्वतःला आस्तिक म्हणवतो. गाडीत काचेपाशी देव चिकटवलाय. तो म्हणाला, "आई, देवांना सहा आठवडे सुट्टी दे. ते समजून घेतील." माझ्याच पोटी हा! मी जेवण टाकलं. म्हणजे दुपारचं टाकलं. रात्री इडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सून माझ्या खोलीत आली, हातात फोन. "आई, काय काय करायचं ते क्रमानं सांगा. लिहून घेते."

"तू करणार?"

"तुम्हाला चैन पडत नाहीये. पाणी कोमट की गार?"

तिनं सगळं लिहून घेतलं. फोनवर सकाळी सहा चाळीसचा गजर लावला आणि त्याला नाव दिलं 'देव'. गजर वाजला की ती यायची, टाक ताम्हनात घ्यायची, पाणी घालायची, एकेक पुसायची, हळदकुंकू, फूल, दिवा. अजिबात चुकायची नाही. मी करताना अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असे. ही मात्र बँकेतल्या माणसासारखी गप्प बसून करी. आणि झालं, की उठून तडक ऑफिसच्या तयारीला.

"अगं, नमस्कार?"

"काम माझं आई, नमस्कार तुमचा."

मग मी एका हातानं नमस्कार करायची. प्लास्टरचा हात पुढं, त्याच्यावर दुसरा. देवाला वाटलं असेल, ही बाई मला ढकलतेय.

ह्या नमस्कारावरून आमची भांडणं सुरू झाली, आणि तुम्हाला खरं सांगते, माझे प्लास्टरचे दिवस त्या भांडणांवरच गेले. मी म्हणायची, "देव नाही, असा तुझा विश्वास. म्हणजे तुझाही विश्वासच की! माझ्यासारखाच. फक्त उलटा."

"देव नाही असं मी कुठं म्हणते? देव आहे असं मला वाटत नाही, एवढंच म्हणते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"एकच आहेत."

"बरं. फ्रिजमध्ये दही आहे का?"

"मला काय माहीत? मी नाही पाहिलं."

"म्हणजे दही नाही, असा तुमचा विश्वास आहे?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"तेच! मीही नाही म्हटलं."

मी उठले, फ्रिज उघडला. दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. डाव्या हातानं ते तिच्या नाकासमोर धरून मी म्हटलं, "हे बघ! होतं की नाही?" ती सदुसष्टची पोरगी तेव्हा इतकी फुगली होती, विचारू नका. जणू देवच सापडला.

सून हसली. "दाखवलंत, म्हणून मानलं. तोही दाखवा, लगेच मानते."

मी म्हटलं, "कोशिंबीर कर."

माझे वडील थोडं संस्कृत शिकलेले होते. ते सांगत, की जुन्या शास्त्रात नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हेच. वेद न मानणारा तो नास्तिक. देवाशिवाय चालणारी दर्शनंसुद्धा आस्तिकांत गणलेली आहेत. हे मला एका सकाळी आठवलं आणि वाटलं, आता हिला धरलं! मी विचारलं, "वेदांना नावं ठेवतेस का तू?"

"मी वाचले नाहीत."

"मग झालीस तू आस्तिक!"

"आणि तुम्ही वाचलेत?"

बघा. असली सून.

एकदा पुसता पुसता ती थांबली. "आई, ह्या पाचव्यात कोण आहे?" पाचवा टाक घासून घासून पार सपाट झालेला. आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विभूती लावून चोळला, त्यात नाक गेलं, डोळे गेले, हातात काय होतं तेही गेलं. मी म्हटलं, "खंडोबा." ती शेजारच्या टाकावर बोट ठेवून म्हणाली, "खंडोबा हा. घोडा दिसतोय." मग मी म्हटलं, वीर असेल, कुणी पूर्वज. मग म्हटलं, जोतिबा. तिनं टाक पालथा घातला, पुन्हा उलटला आणि पुसून जागेवर ठेवला. सत्तेचाळीस वर्षं मी त्याला अंघोळ घातली होती. तो कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता. तिला तिसऱ्या आठवड्यात पडला.

असं चाललं असताना श्रावणातला तो रविवार आला. दरवर्षी त्या दिवशी सगळे आमच्याकडे जमतात. पुरण, कटाची आमटी, देवांना मोठा नैवेद्य. शहराबाहेरच्या होसकोट्याहून दीर आले. तिथं त्यांचा लहानसा कारखाना आहे, आवाज मात्र मोठ्या कारखान्याचा. बरोबर जाऊबाई. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते, आली की पदर खोचून थेट स्वयंपाकघरात. बाकी दोन्हीकडची मुलंबाळं आणि एक चुलतसासरे.

पंगत बसली. मी एका हातानं तूप वाढत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हात असा. मग देवांचं कोण करतं सध्या?"

"सून करते."

त्यांनी हातातला घास पानात ठेवला. "ती? ती तर नास्तिक ना?"

सगळी पानं थांबली. आणि इथं मी ती चूक केली. मला वाटलं, आता आपण सुनेला वाचवायचं. मी हसून, अगदी गोड आवाजात म्हटलं, "कोण म्हणतं नास्तिक? पाच आठवडे रोज देवांचं करते. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आस्तिक आहे ती. फक्त तिला स्वतःला माहीत नाही, एवढंच."

चुलतसासरे म्हणाले, "वा!" कुणीतरी मान डोलावली. मी इतकी खूश झाले, की भाऊजींच्या पानात आणखी तूप घातलं.

सून पुरणाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "नाही आई. मला माहीत आहे. मी नास्तिक आहे."

आवाज चढवला नाही. पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली.

"ऐकलंत?" भाऊजी म्हणाले. "तिच्याच तोंडून. आता मला सांगा वहिनी, तुमच्यामागं ह्या घरात देवांचं कोण करणार? तुमचा मुलगा? त्याला तर उठायलाच आठ वाजतात." मग त्यांनी त्यांच्या मुलाला खूण केली. तो खाली गाडीपर्यंत जाऊन एक डबा घेऊन आला. स्टीलचा, नवा कोरा, आत लाल मखमल, त्यात पाच खाचा. मापाच्या.

म्हणजे ते ठरवून आले होते. तूप माझ्या हातून उगाच गेलं.

"आज कुळधर्म झाला की देव होसकोट्याला नेतो," ते म्हणाले. "रीत आहे. मी काही वेगळं मागत नाही."

मी वाटी ठेवून आत गेले. सून ओट्यापाशी पाठमोरी. मी दबक्या आवाजात तिच्यावर कावले, "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मी सावरलं होतं ना सगळं!"

ती वळली. डोळे भरलेले, पण आवाज सरळ. "आई, मी ते देवासाठी नाही केलं. तुमच्यासाठी केलं. तुम्हाला रोज सकाळी ते पाच जण धुतलेले दिसले नाहीत, तर तुम्ही दिवसभर कावऱ्याबावऱ्या होता, म्हणून केलं. आणि तुम्ही ते सगळं उचलून देवाच्या नावावर करून टाकलंत. माझ्या वाट्याला काय ठेवलंत?"

जाऊबाई बाजूलाच पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मी बऱ्याच जणांशी देवावरून भांडलेय. पण मी जिंकायच्या नादात समोरच्याचं काही उचलून नेते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्यानं चांगलं काही केलं की, 'अरे, म्हणजे तू आमच्यातलाच!' असं म्हणायची मला खोड होती. मला वाटे, मी त्याला मान देतेय. शहाणीच होते.

बाहेर डबा उघडा पडलेला होता. मी जाऊन पाटावर बसले नाही, उभीच राहिले.

"भाऊजी, माझं चुकलं. मी खोटं बोलले. ती नास्तिक आहे."

"तेच तर मी—"

"नास्तिक आहे, आणि देव इथंच राहतील. ह्याच घरात. तिच्या हातचं पाणी घेतील."

"असं कसं वहिनी? जो आस्तिक, त्यानंच करायचं."

"आस्तिक कोण?"

"ज्याचा विश्वास आहे तो!"

"कशावर?"

"देव आहे, ह्यावर. अजून कशावर?"

"एवढंच ना? मग होसकोट्याला बसून ठेवा की विश्वास. कोण नको म्हणतंय? त्याला डबा कशाला लागतो? विश्वास इथून चालतो, तिथून चालतो. पाणी घालायला मात्र माणूस जवळ लागतं."

चुलतसासरे फस्सकन हसले आणि त्यांना ठसका लागला. भाऊजी लाल झाले. मी थांबले नाही. देवघरातून पाचवा टाक आणला आणि त्यांच्यासमोर धरला. "हा कोण?"

"हा... हा खंडोबा."

"भैरोबा आहे तो," चुलतसासरे ठसक्यातून म्हणाले.

"भैरोबा कसा असेल? बाबा नेहमी म्हणायचे—"

"तुझ्या बाबांना काय माहीत? माझी आई म्हणायची भैरोबा."

त्यांचं तिथंच जुंपलं. दोघंही जन्माचे आस्तिक. मी म्हटलं, "तुमचं ठरेपर्यंत ह्याला कुणीतरी अंघोळ घालायला हवी ना? तिनं निदान विचारलं तरी, हा कोण म्हणून."

पण भाऊजी काही मूर्ख नाहीत. शांत झाल्यावर ते जे बोलले, ते मी इथं लिहिणारच, नाहीतर पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. ते म्हणाले, "वहिनी, चेष्टा सोडा. ती तुमच्यासाठी करते ना? तुम्ही गेल्यावर कुणासाठी करेल? विश्वास असला तर माणूस कुणी बघत नसताना पण करतं. हिनं उद्या सोडलं तर?"

त्यांचा हा प्रश्न मला पटला. आजही पटतो. मी सुनेकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, 'नाही सोडणार.' म्हणाली असती तर किती सोपं झालं असतं! ती म्हणाली, "काका, खरं आहे. सोडेन कदाचित. वचन नाही देत. सोडायचं ठरलं तर तुम्हाला आधी फोन करेन."

"ऐका वहिनी, ऐका!"

"ऐकलं," मी म्हटलं. "सोडलं तर सोडलं. तेव्हा तुमचा डबा घेऊन या. पण ती नास्तिक आहे म्हणून आज नेणार असाल, तर आधी मला न्यावं लागेल. आणि मी डब्यात मावत नाही. स्वल्प जाड आहे मी."

मुलं हसली. भाऊजी नाही हसले. त्यांनी पान अर्धं टाकून हात धुतला. त्या घरात कुळधर्माच्या पानावरून कुणी अर्धपोटी उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण माझं म्हणणं मी बदललं नाही. अजूनही कुणी मला सांगायला आलं, की मानणाऱ्यांच्याच हातचं देवाला चालतं, तर मी विचारते, तुम्हाला देवानं सांगितलं का? आणि कुणी सांगायला आलं, की तुमची सून मनातून आस्तिकच असणार हो, तर त्यालाही मी दार दाखवते. तिनं एकदा सांगितलंय ती काय आहे. तिच्या मनात डोकावून तिला दुरुस्त करायला आपण कोण?

जाताना जाऊबाईनं तो डबा उचलला, आतली मखमल खाचांसकट उपसून काढली, आणि तिथं दहा पोळ्या रचून झाकण लावलं. भाऊजी जिना उतरले होते. त्यांनी पाहिलं नाही. ती मला वाकून नमस्कार करून गेली.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला गजर वाजला. सून आली, बसली, पाणी घातलं. तिचं झाल्यावर मी आपला ढकलल्यासारखा नमस्कार केला. मग म्हटलं, "कॉफी घेऊन जा. मी ठेवलीय, डाव्या हातानं. साखर सांडलीय थोडी." तिनं कॉफी घेतली, ओटा पुसला आणि मेट्रोला पळाली.

दुपारी होसकोट्याहून फोन आला. मला वाटलं भाऊजी. कंबर कसून उचलला, तर जाऊबाई. कारखान्याच्या मागच्या अंगणातून बोलत असावी, मशीनचा आवाज येत होता. माझ्या हाताची चौकशी केली, पोळ्या संपल्या म्हणाली. मग म्हणाली :

"अक्का, बरं केलंत, नाही दिलेत ते देव. इकडं आले असते तर घासायचे मलाच होते. आणि मी देव मानते की नाही, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलंय का मला? विचारलंच कधी कुणी, तर सांगेन. पण आधी तुमच्या सुनेला सांगेन."